उणे एकावन्न अंशांचा सासरा

राष्ट्राचं बळ त्याच्या तोफांवर अवलंबून असतं, असा एक गैरसमज तोफा विकणाऱ्यांनी जगभर पसरवलेला आहे. तोफ गंजते. रणगाडा चिखलात रुततो. विमानाला इंधन लागतं आणि ते चालवणाऱ्याला पगार. ज्याला गंज चढत नाही, जे वर्षागणिक अधिक धारदार होतं आणि ज्याच्यावर सरकारला एक वोनही खर्च करावा लागत नाही, असं शस्त्र जगात एकच आहे. ते म्हणजे सैन्यातून सुटून घरी आलेल्या माणसाच्या आठवणी. आमच्या कोरियात हे शस्त्र घरटी किमान एक आहे, आणि ते बहुधा सोफ्यावर बसलेलं असतं.

उत्तरेशी चाललेलं आमचं युद्ध सत्तर वर्षांपूर्वी थांबलं, पण संपलं नाही. (संपवायला दोघांनी समोरासमोर बसावं लागतं, आणि आधी कोणी बसायचं यावर एकमत होत नाही.) म्हणून आमच्याकडे प्रत्येक धडधाकट पोराला दीड-दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. पुढची पन्नास वर्षं तो ती दीड-दोन वर्षं सांगण्यात काढतो. तेव्हा भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या जोडीला आमच्याकडे एक चौथं दल आहे. त्याला मी कथादल म्हणतो. वनजू शहरातला त्याचा एक तळ माझ्या ताब्यात आहे. चिआक डोंगराच्या पायथ्याशी माझं तळलेली कोंबडी आणि बिअर यांचं दुकान आहे. दर रविवारी डोंगर उतरून आलेली साठीची मंडळी तिथे बूट सैल करतात आणि देशाचं संरक्षण सुरू होतं.

(माझी स्वतःची पलटण कोणती होती, हे राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही. तिथे डुकरं होती आणि ती वेळेवर जेवत होती, एवढंच सांगतो.)

बावीस वर्षं कढईमागे उभं राहून मी या दलाचे नियम गोळा केले आहेत. सरकारने ते अजून छापले नाहीत, हे सरकारचं दुर्दैव. पहिला नियम असा की, सांगणाऱ्याची पलटण ही देशातली सर्वांत खडतर पलटण होती. आजवर माझ्या दुकानात अशा सर्वांत खडतर पलटणी शेकड्याने येऊन गेल्या. दुसऱ्या क्रमांकाची खडतर पलटण मी अजून शोधतो आहे. तिथला माणूस भेटला तर त्याला अख्खी कोंबडी फुकट, अशी पाटी मी दारावर लावली होती. ती कोंबडी अजून शिल्लक आहे. दुसरा नियम फुटबॉलचा. पलटणीतल्या प्रत्येक सामन्यातला शेवटचा गोल सांगणाऱ्यानेच मारलेला असतो, आणि त्या वेळी त्याचा पाय मोडलेला असतो. तिसरा नियम तपमानाचा, आणि तो शास्त्रीय आहे. पहाऱ्यावरची थंडी माणूस सैन्यातून सुटल्यानंतर दर वर्षी एका अंशाने वाढते.

या तिसऱ्या नियमाचा चालताबोलता पुरावा म्हणजे प्यो ग्वांगसु. याचा भिंतीला कागद लावायचा धंदा. छरवनच्या सीमेवर पहाऱ्याला होता. माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तेव्हा तिथली थंडी उणे एकोणतीस होती. पुढे ती शिस्तीत उतरत गेली. गेल्या हिवाळ्यात तिने उणे एकावन्न गाठलं, आणि त्याच्या पापण्या मिटल्या की चिकटायच्या, मग हवालदार येऊन त्या बंदुकीच्या दस्त्याने सोडवायचा. हे ऐकताना कोणी हसत नाही. कारण पुढचा नंबर आपला असतो.

कोणी म्हणेल, या सगळ्याचा देशाला उपयोग काय? उपयोग सरळ आहे. शत्रूचा हेर आला तर तो जेवायला कुठे जाणार? कोंबडीच्या दुकानात. तिथे तो कोपऱ्यात बसून ऐकणार की, साठ वर्षांचा हा कागदवाला उणे एकावन्नात वीस महिने उभा होता आणि कुत्र्याएवढे उंदीर उकडून खात होता. तो घाबरून तसाच वर कळवणार. वरचे म्हणणार, राहू दे, यंदा नको. अशी आमची सत्तर वर्षं सुखाने गेली. तोफवाल्यांना याचं श्रेय घ्यायची सवय आहे, ती त्यांनी सोडावी.

तर या प्योची एकुलती एक मुलगी दाउन हिने परस्पर लग्न ठरवलं. मुलगा मेंग जेहा, दातांच्या कवळ्या बनवतो. कमाई बरी, स्वभाव गरीब, डोक्यावर केस भरपूर. प्योची बायको म्यंगजा हिला तो पहिल्याच भेटीत आवडला. प्योने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "कुठं काढली?"

आमच्याकडे या प्रश्नाला 'सैन्यातली वर्षं' असं जोडावं लागत नाही. अडचण अशी की, जेहाने ती कुठेच काढली नव्हती. त्याच्या चष्म्याचा नंबर इतका मोठा की, चष्मा काढला की त्याला मित्र आणि शत्रू सारखेच दिसतात. सैन्याच्या डॉक्टरांना हे धोरण मानवलं नाही. त्यांनी त्याला चौथ्या वर्गात टाकलं. चौथ्या वर्गाच्या मुलांना बराकीत नेत नाहीत. त्यांना घरी राहू देऊन दोन वर्षं सरकारी कामाला जुंपतात, कोणी टपाल वाहतं, कोणी रेल्वे स्टेशनवर झिंगलेल्यांना शेवटच्या गाडीत बसवून देतं. जेहाला जेचनच्या वृद्धाश्रमात पाठवलं होतं. कथादलाच्या दृष्टीने अशा माणसाचं लिंग पुरुष हे केवळ तांत्रिक कारणाने धरलं जातं.

दाउनने घाबरून बापाला सांगून टाकलं, "सीमेवर होते. पण स्वतःच्या तोंडाने सांगायला लाजतात."

"सीमेवरचा माणूस लाजतो?" प्यो म्हणाला. "आण त्याला रविवारी. योम आणि सोक पण असतील. आम्ही तिघं ऐकतो, मग हो की नाही ते सांगतो."

शनिवारी दुपारी दुकान रिकामं असताना जेहा माझ्याकडे आला. दाउनने पाठवला होता. समोर बसला, बिअरला हात लावला नाही आणि म्हणाला, "काका, मला एका दिवसात सैनिक करा."

मी होकार दिला. सरकारला याच कामाला दीड वर्ष लागतं.

"ठिकाण छरवनच सांग," मी म्हणालो. "थंडी उणे तीस ठेव. तू नुकताच सुटलेला, तुला त्याच्याखाली जायचा अधिकार नाही. पण त्याच्यावर आलास तर कोणी विचारणार नाही."

"छरवनला उणे तीस कधी होतं?"

"कधीच नसतं. म्हणून तर सांगायचं. मग एक हवालदार पाहिजे. तो राक्षस होता, पण निरोपाच्या दिवशी रडला. फुटबॉलमध्ये शेवटचा गोल तू मारलास."

"काका, प्रत्येकाने जिंकणारा गोल मारला, तर हरत कोण होतं?"

"हे असलं विचारायचं नाही," मी म्हणालो. "असलं विचारणाऱ्यांमुळेच देश दुबळे होतात."

पोरगा गुणी होता, त्याने सगळं पाठ केलं. पण मी एक विसरलो होतो. जो माणूस कवळ्या बनवतो, त्याला केसाइतका फरक सहन होत नाही. तो घरी गेला आणि त्याने छरवनच्या त्या हिवाळ्याचं खरं हवामान शोधून काढलं.

रविवारी चौघं माझ्या मधल्या टेबलाला बसले. प्यो मध्ये, एका बाजूला निवृत्त बस ड्रायव्हर योम, दुसऱ्या बाजूला जमिनीची दलाली करणारा सोक, आणि समोर जेहा. म्यंगजा आणि दाउन बाजूच्या टेबलावर, कारण परीक्षा पुरुषांची होती. मी दोन कोंबड्या आणि मुळ्याच्या आंबट फोडी ठेवल्या आणि कढईपाशी जाऊन कान टवकारले.

"हं, बोल," प्यो म्हणाला.

"बाबा, मी छरवनला..."

"बाबा एवढ्यात नको. आधी ऐकू दे."

जेहाने चष्मा वर सरकवला. "छरवनला पहाऱ्यावर होतो. जानेवारीत खूप थंडी पडायची. उणे सतरा."

माझ्या तळावर इतकी कमी थंडी यापूर्वी कोणी उच्चारली नव्हती.

"किती?" योमने विचारलं.

"उणे सतरा. एका पहाटे सतरा पूर्णांक चार."

"सतरा," सोक म्हणाला. "समुद्रकिनाऱ्यावर होतास की काय?"

"माझ्या फ्रीजमध्ये याहून जास्त असतं," योम म्हणाला.

प्योने कोंबडीची तंगडी ताटात परत ठेवली, आणि तसं त्याने पूर्वी फक्त वडील गेल्याचा फोन आला तेव्हा केलं होतं. दाउनने डोळे मिटून घेतले. मला त्या पोरीची खरंच दया आली. तिचा संसार तेरा अंशांनी हुकत होता.

"हवालदाराचं नाव काय तुझ्या?" प्योने विचारलं.

जेहाने माझ्याकडे पाहिलं. मी कढईत पाहिलं. हवालदाराला नाव द्यायचं राहून गेलं होतं.

मग त्या पोराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "बाबा, मी सीमेवर नव्हतोच. चौथा वर्ग. मी जेचनच्या वृद्धाश्रमात होतो. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायचो, भरवायचो. दाउनचा यात काही दोष नाही."

"म्हणजे सुट्टी काढलीस," सोक म्हणाला.

"अंघोळ घालायचो म्हणे," योम हसला. "अरे, शत्रू आला असता तर काय साबण मारला असतास?"

"तिथेही सगळे सैन्यातलेच होते काका," जेहा म्हणाला. "मुलांची नावं विसरलेले, पण पलटण विसरलेले नाहीत. रोज सकाळी एकजण मला हजेरीला उभं करायचे. दुसरे दुपारी पहाऱ्यावर पाठवायचे, खाटेपासून संडासापर्यंत. मी जायचो. नाही गेलं तर ते जेवायचे नाहीत. सगळ्यांच्या गोष्टी मी रोज ऐकल्या. उणे साठपर्यंतची थंडी मी तिथे ऐकली आहे."

उणे साठ म्हटल्यावर प्योने मान वर केली. एखाद्या धावपटूला दुसऱ्या देशातला विक्रम कळावा, तशी त्याची मुद्रा झाली.

"फक्त एक यांग आजोबा काही सांगायचे नाहीत," जेहा पुढे म्हणाला. "नव्वदीचे होते. ते एकटेच खऱ्या लढाईत होते. उत्तरेच्या डोंगरात, युद्धाच्या पहिल्या मोठ्या हिवाळ्यात. उकडलेला बटाटा उशीखाली लपवून ठेवायचे आणि रोज संध्याकाळी मला विचारायचे, बाहेर बर्फ पडतोय का रे? मी म्हणायचो, नाही आजोबा, उन्हाळा आहे. मग म्हणायचे, बरं, मग झोपतो. एकदा मीच विचारलं, तेव्हा थंडी किती होती हो तिथे? म्हणाले, माहीत नाही. मोजायला कोणी उरलं नव्हतं."

माझी कोंबडी तेलात करपायला लागली तरी मी ती हलवली नाही. योमने ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. उणे एकावन्न अंश टेबलावर तसेच पडून होते आणि त्यांच्याकडे कोणाला बघवत नव्हतं.

"मला नाही चालायचं हे," अखेर प्यो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "माझ्या मुलीचा नवरा घरून डबा घेऊन नोकरीवर जाणारा शिपाई? लोक काय म्हणतील?"

तेव्हा बाजूच्या टेबलावरून म्यंगजा बोलली. ती सहसा बोलत नाही. (चौतीस वर्षं ऐकून झाल्यावर कोणीही बोलायचं सोडून देतो.)

"अहो," ती म्हणाली, "आणि तुम्ही कसे जात होतात?"

प्यो लाल झाला.

"वहिनी, तो छरवनला होता," सोक म्हणाला.

"कसलं छरवन. माझ्या आईचं नूडलचं दुकान होतं ना पुलापाशी, त्याच्यासमोरून रोज संध्याकाळी सहाला हे घरी जायचे. खांद्याला पिशवी, पिशवीत रिकामा डबा, आणि डब्यात जेवायच्या काड्या. खुळखुळ, खुळखुळ. आवाज आला की आई म्हणायची, चला, सैन्य सुटलं, आता दिवे लावा."

इथे थोडा खुलासा हवा. प्योच्या तरुणपणी बराकी कमी आणि पोरं जास्त अशी स्थिती होती. तेव्हा काहींना आपापल्या गावातच शिपाई करत. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं. देश त्या काळात सहानंतर स्वतःच्या जबाबदारीवर असे. पुढे ही पद्धत बंद झाली, आणि त्यानंतर अशी नोकरी केलेला एकही माणूस देशात सापडत नाही. ते सगळे बहुधा छरवनला गेले.

"म्हणजे तू इथेच होतास? वनजूत?" योमने विचारलं.

"पुलावर," प्यो पुटपुटला. "पुलाचा पहारा होता."

"आणि गेली बावीस वर्षं मी तुझ्या पापण्यांसाठी हळहळतोय?"

"तू गप्प बस," म्यंगजा म्हणाली. "तुझ्या बायकोनं सांगितलंय मला, बँडमध्ये होतास. तो लोखंडी त्रिकोण वाजवायला." ती सोककडे वळली. "आणि भावजी तुम्ही..."

"कर्नलसाहेबांचं टेनिसचं मैदान," सोक घाईने म्हणाला. "पण ते फार खडतर मैदान होतं वहिनी."

तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी कोंबडी बघायला आत गेलो.

परत आलो तेव्हा प्यो मान खाली घालून मुळ्याच्या फोडी मोजत होता. सासरा म्हणून त्याचं काही उरलं नव्हतं. आता तो रागाने नाहीच म्हणणार, अशी माझी खात्री झाली, कारण लाजलेला माणूस सर्वांत आधी लग्न मोडतो.

"पुलावर थंडी असायची," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "नदीवरून वारा यायचा."

"मग?" जेहाने विचारलं.

प्योने चमकून वर पाहिलं. पोरगा चेष्टा करत नव्हता. तो थोडा पुढे झुकला होता आणि खरोखर ऐकत होता, दोन वर्षं रोज ऐकत आला तसा. आमच्या देशात सांगणारे दोन कोटी आहेत. समोरचा बोलत असतो तेव्हा बाकीचे आपला नंबर कधी येतो हे बघत असतात. एवढ्या वर्षांत प्योला "मग?" असं कोणी विचारलं नव्हतं.

"मग काय," प्यो म्हणाला. "शाळा सुटली की पोरं यायची. मला बर्फाचे गोळे मारायची. जागेवरून हलायचं नाही असा हुकूम. बंदुकीत गोळी नसायची, पण ते कोणाला सांगायचं नाही असाही हुकूम. एक गोळा कानावर बसला तो अजून दुखतो पावसाळ्यात. रोज मारायची."

"आणि तुम्ही?"

"उभा राहायचो. काय करणार? डबा सांभाळायचो."

"ती पोरं म्हणजे आमचीच गल्ली," म्यंगजा हसून म्हणाली. "तो कानावरचा माझ्या भावाचा."

जेहाने थोडा विचार केला. कवळी बसवण्याआधी करत असेल तसा. मग अगदी मनापासून म्हणाला, "म्हणजे बाबा, या टेबलावर प्रत्यक्ष मारा झेललेले तुम्ही एकटेच आहात."

योमने त्रिकोणाचा आणि सोकने मैदानाचा हिशेब केला. आक्षेपाला जागा नव्हती. प्योची पाठ हळूहळू ताठ झाली. त्याने ताटातली तंगडी उचलली, जेहाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "खा. पुढच्या रविवारी पण ये. मी अजून डाव्या बाजूचे गोळे सांगितले नाहीत."

"येतो बाबा," जेहा म्हणाला. या वेळी त्याला कोणी अडवलं नाही. दाउनने टेबलाखालून आईचा हात घट्ट धरला होता, तो सोडला. सहा महिन्यांनी लग्न झालं. मारा झेलल्याची गोष्ट प्यो आता उघडपणे सांगतो. गोळ्यांचा आकार दर रविवारी वाढतो आहे, पण ते शास्त्राला धरून आहे.

जावई रविवारी येऊन बसू लागला तशी माझी विक्री दीडपट झाली. शेजारच्या मोहल्ल्यातून लोक ऐकवायला येतात. संरक्षण खात्याने दर दुकानामागे असा एक माणूस नेमावा, अशी माझी सूचना आहे. तोफेपेक्षा स्वस्त पडेल.

गेल्या महिन्यात मात्र एक परदेशी पाहुणा आला. कुठल्याशा कंपनीच्या कामाला आला होता, आमची भाषा छान बोलत होता आणि माणूस मोकळा. त्याच्या देशात सैन्यात जायची सक्ती नाही, ज्यांना जायचं ते जातात आणि बाकीचे त्यांचा अभिमान बाळगतात. दुसऱ्या ग्लासाला त्याने आपल्या शेजारी देशाचा विषय काढला. मुळ्याच्या फोडी टेबलावर नकाशासारख्या मांडल्या, कोंबडीचं हाड सीमेपलीकडे सरकवलं, आणि बिअरचा फेस बसायच्या आत दोन शहरं घेतली.

आमची उणे पन्नासवाली मंडळी खायचं थांबून बघत राहिली. योमने तर हळूच खिडकी उघडली.

"मग?" जेहाने विचारलं.

"मग काय, राजधानी," पाहुणा म्हणाला आणि मिठाची बाटली आडवी केली.

"मग?"

"मग जिंकलो."

"मग?"

पाहुण्याने टेबलभर पाहिलं. फोडी संपल्या होत्या. त्याने बिअर मागवली.

"कुठं काढली तुम्ही?" प्योने आदराने विचारलं.

"वेळच मिळाला नाही हो," पाहुणा म्हणाला.

त्या दिवसापासून मी तिसऱ्या नियमाला पोटनियम जोडला आहे. जे जाऊन आले, त्यांची थंडी दर वर्षी एका अंशाने वाढते. जे खरोखर लढले, त्यांची कोणी मोजत नाही. आणि जे कधीच गेले नाहीत, त्यांचं तपमान उलट चढत जातं, बातम्यांच्या वेळी सर्वांत जास्त.

पाहुणा कुठल्या देशाचा होता, ते मी विचारलं नाही. तुम्ही कुठं काढली, हेही विचारत नाही. गिऱ्हाइकाला लाजवायचं नाही, असा दुकानाचा रिवाज आहे. फक्त पुढच्या वेळी टीव्हीवर नकाशा दिसला आणि चहा निवायच्या आत तुमच्या मनाने सीमा ओलांडली, तर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघा. ताप किती आहे तो मोजून ठेवा. मोजायला कोणी आहे, तोवर मोजलेला बरा.